वाचा आणि पुढे द्या

पुस्तकांवर इतका जीव टाकणारा आणि पुस्तकांची इतकी चिरफाड करणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल, आणि तो नेमका आमच्याच वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. अंगाने काडी, आवाज मात्र शेवटच्या बाकाच्याही पलीकडे व्हरांड्यात जाणारा. नवं पुस्तक घरात आलं की इतर लोक त्याला कव्हर घालतात, नाव लिहितात, फार तर हळदकुंकू वाहतात. दाजी पाट मांडून बसायचे, पुस्तक पालथं घालायचे आणि भाजीची सुरी त्याच्या कण्यातून फिरवायचे. शिवण उसवली की एकेक प्रकरण वेगळं करायचं, त्याला दाभणाने दोन टाके घालायचे, वरून जुन्या कॅलेंडरचा जाड कागद चिकटवायचा. मेन रोडवरून करून आणलेला एक रबरी शिक्का होता. तो त्या कागदावर ठप्पकन उमटायचा : ‘वाचा आणि पुढे द्या.’ तास-दीड तासात एका धष्टपुष्ट विलायती ग्रंथाची वीस-बावीस चोपडी होऊन दारापाशीच्या फळीवर जाऊन बसायची. ज्याला हवं त्याने यावं आणि न्यावं.

यामागचं शास्त्र त्यांनी मला पहिल्या दिवाळसणालाच समजावून सांगितलं होतं. “हजार पानांचं पुस्तक एक पोरगा घरी नेतो. वाचतो किती? पन्नास पानं. म्हणजे साडेनऊशे पानं त्याच्या उशाशी नुसती झोपा काढतात. आणि बाकीची पोरं ग्रंथालयाच्या कपाटाबाहेर उभी! मी फाडतो म्हणून वीस पोरं एकाच वेळी वाचतात.” मी म्हटलं, “दाजी, त्यापेक्षा झेरॉक्स काढून वाटा की.” झालं. भर पंगतीत श्रीखंडाची वाटी बाजूला सारून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्याची बायको पळवून आणण्याचाच सल्ला दिला होता. झेरॉक्स म्हणजे चोरी, हे त्यांचं ठाम मत. लिहिणाऱ्याने एक पुस्तक विकलं आणि आपण त्याची वीस केली, हे त्यांना पटायचं नाही. “विकत घेतलेलं मी फाडीन, वाटीन, त्याचे पतंग करीन. पण एकाचं दोन करणार नाही.” हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. या नियमापायी घरात स्कूटर यायला फार वर्षं लागली, कारण जे पुस्तक दुसरा झेरॉक्स करून मोकळा झाला असता ते दाजी विकत आणायचे.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे आमचं का जमत नसे ते कळेल. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. सही घेतल्याशिवाय मी साध्या वायसरलाही हात लावू दिला नाही. आणि दाजींच्या फळीवर नाव लिहून घ्यायची सोयच नव्हती. ताई बिचारी वर्षानुवर्षं सांगत राहिली, “अहो, कोण काय नेतो ते निदान लिहून तरी ठेवा. गेलेलं एक पान परत आलेलं नाही या घरात.” दाजी म्हणायचे, “नाव लिहिलं की माणूस परत करायच्या धास्तीने पुस्तक लपवून ठेवतो. नाही लिहिलं की दुसऱ्याला देतो.” मला ते हाक मारायचेच मुळी ‘काय हो स्टोअरकीपर’ अशी. त्यात माया होती, पण कुलूपबंद माणसाबद्दलची थोडी कीवही होती.

या पद्धतीने जे घोटाळे व्हायचे ते व्हायचेच. परीक्षा जवळ आली की दारात विचारणा सुरू व्हायची, “सर, सातवं प्रकरण कुठाय?” आणि दाजी रेल्वेच्या चौकशी खिडकीतल्या माणसासारखे सांगायचे, “सातवं देवळालीला गेलंय, सोमवारपर्यंत येईल. तोवर बारावं घेऊन जा, बारावं छान आहे.” पोरं पुस्तक कुठूनही सुरू करून कुठेही संपवत. एका पोराला चौथं प्रकरण वर्षभर भेटलंच नाही आणि पेपरात नेमका मोठा प्रश्न चौथ्यावर आला. त्याची आई पदर खोचून भांडायला आली. दाजींनी तिला चहा पाजला, चूक कबूल केली आणि जाताना तिच्या हातात पुढच्या वर्षाची तीन प्रकरणं दिली. एकदा मी एक जाडजूड रहस्यकथा वाचायला घेऊन गेलो आणि ती विसरून तिथेच राहिली. आठवड्याने तिचे तीन भाग झालेले, आणि तिसरा कोणीतरी नेलेला. खून कोणी केला हे मला आजतागायत ठाऊक नाही. टेलिफोनची डिरेक्टरीसुद्धा त्यांनी फाडून बिल्डिंगभर वाटली होती. कोणाला फोन करायचा तर आधी त्या अक्षराच्या बिऱ्हाडी जावं लागे. तळमजल्यावरच्या आजी म्हणायच्या, “माझ्याकडे ‘क’ आहे म्हणून सगळे कुलकर्णी माझ्याच दारात!” पण त्या निमित्ताने कोणीतरी येऊन बसायचं, म्हणून आजींनी तो ‘क’ शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसरा उद्योग पोस्टकार्डांचा. तेव्हा परदेशी संशोधन-नियतकालिकं आपल्याकडच्या कॉलेजात बघायलाही मिळत नसत. पण एक रीत होती : लेख लिहिणाऱ्या शास्त्रज्ञालाच पत्र टाकायचं, ‘तुमच्या लेखाची एक सुटी प्रत पाठवाल का?’ आणि ती माणसं खरोखर पाठवत, पदरचं तिकीट लावून. दाजी दर रविवारी सकाळी दाढी करायच्या आधी अशी पत्रं लिहायचे. कुठल्याशा थंड देशातल्या एका शास्त्रज्ञाने त्यांची पत्रं पाहून समजूत करून घेतली की नाशकात फार मोठी संशोधन-संस्था आहे, आणि पाकिटावर ‘संचालक’ असं लिहायला सुरुवात केली. पोस्टमनने ते पाहिल्यापासून खालूनच आरोळी ठोकायची, “डायरेक्टरसाहेब, माल आलाय!” आणि डायरेक्टरसाहेब लुंगी सावरत जिना उतरायचे. आलेला लेख वाचून झाला की त्यावरही शिक्का, आणि रवानगी फळीवर. सटाण्या-सुरगाण्याकडच्या पोरांना तो पोचवायला दाजी नाशकातल्या द्वारका चौकात एसटीच्या थांब्याशी पुडकं घेऊन उभे राहायचे. कंडक्टर मंडळी त्यांना ओळखत. खतांच्या गोण्या, लग्नाचे बस्ते आणि दाजींची प्रकरणं एकाच टपावरून जायची.

इतकं दुसऱ्यांचं वाटणाऱ्या या माणसाने स्वतः एकच मोठा लेख लिहिला. तो कांद्यावरच्या करप्याबद्दल होता. कांद्याच्या पातीवर जांभळट डाग पडतात आणि बघता बघता वाफाच्या वाफा वाळतो, तो करपा. त्यासाठी ते चार हिवाळे सटाण्याच्या पुढे नामपूरला जात होते. तिथले एक शेतकरी होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या वावरात दाजी पहाटे दवात उकिडवे बसून पाती मोजायचे, कापायचे, पिशवीत भरायचे. गावाला वाटायचं, सरांना कांद्याच्या पातीची भाजी फार आवडते. आप्पांनी मात्र पहिल्या वर्षीच विचारलं होतं. मी त्या खेपेला हौसेने सोबत गेलो होतो, म्हणून ते मी कानांनी ऐकलं. “सर, आमना वावरनी पात लई ग्यात तुम्ही. मंग जे छापी येई ते आमले दखाडशात ना?” आमच्या शेतातली पात नेता, तर जे छापून येईल ते आम्हाला दाखवाल ना, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मग जरा लाजून, “मना गावनं नाव ऱ्हाई ना त्यामां?” दाजींनी तिथल्या तिथे शब्द दिला : छापील लेख आणि त्याचं मराठी, दोन्ही तुमच्या ओट्यावर बसून वाचून दाखवीन.

नव्वदीच्या सुरुवातीला तो लेख परदेशातल्या एका नियतकालिकाने घेतला. ताईने पुरण घातलं. तिकडून सहीसाठी एक कागद आला, दाजींनी आनंदाच्या भरात एकाऐवजी दोन ठिकाणी सह्या ठोकल्या आणि तो परत धाडला. वाचला नाही. जन्मभर पोरांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या माणसाने तो वाचला नाही. पुढे लेख छापून आला, रिवाजाप्रमाणे लेखकाला पंचवीसेक सुट्या प्रती आल्या, आणि दाजींनी त्यांना नेहमीसारखे टाके घालून, कॅलेंडरचा कागद चढवून, शिक्के मारून त्या वाटायला काढल्या. एक मात्र आप्पांसाठी म्हणून बाजूला ठेवली. मराठी करून झालं की दोन्ही घेऊन जायचं ठरलं होतं. तेवढ्यात सुरगाण्याकडची त्यांची एक विद्यार्थिनी आली. एम.एस्सी.च्या कामासाठी तिला तो लेख हवा होता. घरून भाताची खाचरं सोडून, हॉस्टेलात राहून शिकणारी त्या भागातली पहिलीच मुलगी. फळी रिकामी होती. दाजींनी आप्पांची प्रत तिला दिली. “आप्पांना इंग्रजी कुठे येतं? त्यांना मराठी नेईन,” ते ताईला म्हणाले.

मराठीही झालं. सोपं, गोड, आप्पांना कळेल असं. आणि त्याची पुस्तिका छापायला टाकायच्या आदल्या दिवशी दाजींनी त्या सहीच्या कागदाची आपल्याकडची प्रत पहिल्यांदा वाचली. लेख आता त्यांचा राहिला नव्हता. छपाईचे, वाटपाचे, भाषांतराचेसुद्धा सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले होते. दाजींनी रीतसर परवानगी मागितली. पुष्कळ महिन्यांनी सभ्य भाषेत उत्तर आलं, की अमुक शुल्क भरल्यास हरकत नाही. तो आकडा वाचून दाजी हसले, आणि नंतर बरेच दिवस हसले नाहीत.

आम्ही सगळ्यांनी परोपरीने सांगितलं. मी तर म्हटलं, “दाजी, तो गोरा साहेब काय नामपूरच्या बाजारात कांदे घ्यायला येणार आहे? द्या छापून, नाहीतर नुसतं वाचून दाखवा!” ते म्हणाले, “सही माझी आहे ना? तुम्ही स्टोअरकीपर, तुम्हाला सहीचं मी काय सांगू?” वाटलेल्या प्रती कुठे फिरत होत्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं आणि दिलेलं परत मागायचं नाही हा त्यांचा नियमच, म्हणून निदान मूळ छापील प्रत मिळवायला ते पुण्याला गेले. तिथल्या एका ग्रंथालयात तो अंक होता. तिथले लोक म्हणाले, “अंक बाहेर जाणार नाही, झेरॉक्स काढून घ्या.” स्वतःच्या लेखाची झेरॉक्स! दाजी दिवसभर तिथे बसून आपलाच लेख वाचून आले आणि रिकाम्या हाताने घरी परतले. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. एवढा कसला ताठा, असं वाटलं. आज वाटतं, त्या माणसाजवळ तेवढी एकच गोष्ट कुलपात ठेवलेली होती.

करप्यावर काय करायचं ते त्यांनी आप्पांना तोंडी केव्हाच सांगितलं होतं, आणि आप्पांनी ते केलंही होतं. अडलं होतं ते दिलेल्या शब्दाचं. शेवटच्या खेपेला मीही सोबत होतो, तेव्हा आप्पांनी विचारलं, “सर, कागद उना का?” दाजी म्हणाले, “येतोय.” त्यानंतर ते नामपूरला गेले नाहीत. सटाण्यापर्यंत जायचे, तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकरणं द्यायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. कोणी नामपूरचं नाव काढलं की यांना चष्मा पुसायचं काहीतरी निघायचं. दरवर्षी कांद्याचा हंगाम आला की म्हणायचे, “यंदा काहीतरी करून कागद मिळवतो, मग जातो.” ताईच्या घरी बाजारातून कांदे आले की आधी नामपूरचे आहेत का, हे विचारायचे.

दाजी निवृत्त झाले, केस गेले, आवाज बसला, घराघरात मोबाइल आले. एक दिवस मी त्यांना द्वारकेजवळच्या सायबर कॅफेत घेऊन गेलो. म्हटलं, हल्ली सगळं इंटरनेटवर असतं, तुमचा लेख सापडेल. आणि सापडला! पडद्यावर दाजींचं नाव, खाली नामपूरचंही नाव. दाजी खुर्चीतून अर्धे उठले. पण चार ओळींच्या खाली पान संपलं आणि चौकट आली : पुढे वाचायचं तर डॉलर भरा. दाजींनी कॅफेवाल्याला हाक मारली. “अहो, हा मीच आहे. हे माझंच आहे.” कॅफेवाला तरणाताठा माणूस, त्याने आदबीने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “हो काका, पण पासवर्ड लागंल. तुमच्याकडे हाय का?” दाजी म्हणाले, “नाही.” मग आम्ही उठलो. बाहेर ट्रकांचे भोंगे चालले होते. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला, तो त्यांनी आधी कधी धरला नव्हता.

तरी त्या माणसाचा पीळ सुटला नाही. त्याच सुमारास त्यांच्या वाचनात आलं, की जगात काही शास्त्रज्ञ आता आपले लेख इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवू लागलेत, कोणीही वाचावं, भाषांतर करावं, वाटावं. घरात मुलगा झाल्यासारखे ते पेढे घेऊन आमच्याकडे आले. “उशिरा का होईना, सुचलं लोकांना!” मग पडद्यावर असा एक लेख उघडून बराच वेळ बघत बसले आणि मला गंभीरपणे विचारलं, “काय हो स्टोअरकीपर, यावर शिक्का कुठे मारायचा?” मी खो खो हसलो. तेही हसले. ते त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं मोठं हसू.

त्याच थंडीत दाजी गेले. सकाळी पेपर वाचता वाचता मान कलली, बस्स. फळीवर तीन प्रकरणं होती, ती भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी नेली.

महिन्याभराने ताई म्हणाली, “नामपूरला आप्पांना कळवायला हवं. असले तर.” फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून मी एसटीने गेलो. आप्पा होते. ओट्यावरच बसले होते, डोळ्यांनी अधू, पण आवाजावरून ओळखलं. “या, बठा. सर कथा शेतस?” सर कुठे आहेत, त्यांनी विचारलं आणि माझ्यामागे कोणी आहे का ते चाचपडत पाहिलं. मी सांगितलं. आप्पांनी मान खाली घातली. मग मीच म्हणालो, कागद द्यायचा राहिला याचं त्यांना फार लागून राहिलं होतं, त्या लाजेनेच ते इकडे आले नाहीत.

आप्पांनी मान वर केली. “कागद तं कवयच भेटना आमले!”

कागद केव्हाच मिळाला? मला काही कळेना. त्यांनी नातीला हाक मारली. तिने आतून एक चोपडं आणून माझ्या हातात दिलं. कॅलेंडरचा कागद, दाभणाचे दोन टाके, वर दाजींचा शिक्का. सुरगाण्याच्या त्या मुलीला पुढे सटाण्याच्या कॉलेजात नोकरी लागली होती. तिने शिक्क्यावरचा शब्द पाळून लेख आपल्या वर्गात पुढे दिला. वर्गातून वर्गात फिरत तो एका वर्षी या नातीच्या हातात आला. लेखात तिला आपल्या गावाचं नाव दिसलं आणि ती तो घरी घेऊन आली. याच ओट्यावर बसून तिने तो आजोबांना अहिराणीत समजावून सांगितला. आळीतली माणसं ऐकायला जमली होती. आप्पांची समजूत अशी, की सरांनीच तो पाठवला. दाजी चष्मा पुसत सटाण्याहून मागे फिरत होते, त्यातली कितीतरी वर्षं कागद इथे येऊन पडलेला होता.

“आम्हनी वाचा,” आप्पा म्हणाले. “वर लिखेल शे, पुढे द्या. मी म्हंत, सर येतीन तवय सरलेच दिसू. म्हनीसन ठेयेल शे. पन सर उनातच नहीत.”

आम्ही तर वाचला, आता सर येतील तेव्हा सरांनाच पुढे देऊ, म्हणून त्यांनी तो ठेवला होता; पण सर आलेच नव्हते. मी माझ्या जन्मात पावती न देता कधी काही घेतलं नाही. ते चोपडं मात्र मी तसंच घेतलं, आणि मला तिथे रडू आलं.

नाशकात येऊन मी ते ताईच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्या घरातून गेलेलं, परत आलेलं ते पहिलं चोपडं. ताईने ते पुढून-मागून पाहिलं. एक टाका सुटला होता, तो दाभण शोधून नीट घातला. मला वाटलं, आता ती ते कपाटात दागिन्यांच्या डब्यापाशी ठेवील. ठेवलं असतं तर मीच त्याला कुलूप आणून दिलं असतं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा मी विचारलं, “ताई, तो लेख कुठाय?”

“फळीवर ठेवला होता,” ती म्हणाली. “नेला कोणीतरी.”

“कोणी?”

ताई चहाचं आधण ठेवत होती. मागे न वळता म्हणाली, “नाव नाही लिहून घेतलं.”